कॉलेजात आदिवासी मुलामुलींसाठी मदत गट कसा उभा करायचा

जोहार. मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडचा, कोकणा जमातीतला, घरातला पहिला ग्रॅज्युएट, आता पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. दरवर्षी जून-जुलै आला की कुणीतरी ओळखीचे सर, मॅडम नाहीतर एखादा सिनियर फोन करतो, की आमच्याकडे यंदा बरीच आदिवासी पोरं आलीयत, त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करायचंय, कसं करू? फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून आज सगळं एका जागी लिहितोय.

पहिलं म्हणजे कोण आलंय ते नीट समजून घ्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी 1 कोटी 5 लाखांच्या आसपास, म्हणजे राज्यातला जवळपास दर अकरावा माणूस, आणि यात धडगावचा पावरा आहे, मेळघाटातली कोरकू पोरगी आहे, भामरागडचा माडिया आहे, जव्हार-डहाणूकडचे वारली, रायगडचे कातकरी, यवतमाळकडचे कोलाम. कोरकू आणि गोंडी या मराठीच्या लांबच्यासुद्धा नात्यातल्या भाषा नाहीत, आणि एकमेकींच्याही नाहीत. म्हणजे मी कोकणा असून माझ्या वर्गातल्या कोरकू पोरीची घरची भाषा मला ओ की ठो कळत नाही. त्यामुळे "आमच्या आदिवासी विद्यार्थ्यांना अमुक आवडतं" असं कुणी मीटिंगमध्ये बोललं की मी तिथेच थांबवतो. तीन गोष्टी विचारा, एकेकट्याला, निवांत: गाव कुठलं, घरात काय बोलता, आणि तुझं नाव-आडनाव नीट कसं म्हणायचं. उईके, बेठेकर, वळवी, मडावी ही आडनावं हजेरी घेताना मोडून वाचली जातात आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसतं, तिथून पोरगं हजेरीलाच यायचं बंद होतं.

आणि कॅटेगरी कधीही चारचौघांत विचारू नका. मी एफवायला असताना क्लार्क वर्गात येऊन मोठ्याने म्हणाला, "एसटी स्कॉलरशिपवाले उभे राहा". मी उभा राहिलो नाही. साठ जणांसमोर मला जमलंच नाही. फॉर्मची तारीख गेली, आणि त्या वर्षीची फी भरायला बापाने बैल विकला. कुणाला सांगितलंही नाही मी बरीच वर्षं. तर नोटीस सगळ्यांना एकसारखी द्या, भेटायची वेळ आणि जागा लिहा, बाकी बोलणं दार लावून.

आता मुख्य काम, सिनियर शोधणे. खोली, बोर्ड, उद्घाटन, फीत हे नंतर बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली चार-पाच पोरंपोरी पकडा जी स्वतः या सगळ्यातून गेलीयत, आणि प्रत्येकाकडे तीन किंवा चार नवीन द्या, जास्त नको. जोडी लावताना आधी भाषा बघा, ती नाही जुळली तर जिल्हा, तेही नाही तर किमान हॉस्टेल एक असावं. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांत तुआकाना-तेइना म्हणतात, थोरला धाकट्याला शिकवतो आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकतो, तिथल्या विद्यापीठांनी ते आपल्या मदत योजनांमध्ये सरळ घेतलंय. आपल्या पाड्यावर हेच चालतं की, गुरं चारायला नेणारा दादा जंगलातलं सगळं दाखवतो, कुठलं कंद खायचं कुठलं नाही, तोच कॉलेजात हवा. फक्त त्या दादाला किंवा ताईला फुकट राबवू नका. तुमच्याकडे कमवा व शिका योजना असेल तर हे तास त्यात धरता येतात का ते प्राचार्यांशी बोला, कारण ही पोरं सुट्टीत मजुरीला जातात, त्यांचा वेळ म्हणजे पैसा आहे.

कागदपत्रांचं आता. लोक म्हणतात हे तर ऑफिसचं काम, यात संस्कृतीचा काय संबंध. थांबा, सांगतो.

आधी साधं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, मंजूर झाला, पैसेच नाहीत, अशा केसमध्ये दहातल्या निम्म्या वेळा आधार वेगळ्याच खात्याला जोडलेलं निघतं. पोराची दोन-तीन खाती असतात, एक शाळेत उघडलेलं, एक जनधन, एक शहरात आल्यावर, आणि पैसे जातात ज्याला आधार सीडिंग झालंय त्यात. गावाकडच्या खात्यात पैसे पडून असतात आणि इथे पोरगं उपाशी. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं खातं तपासून घ्या. फॉर्म कॉलेज लेव्हलला पेंडिंग आहे का हे सिनियरने दर पंधरा दिवसांनी क्लार्ककडे जाऊन बघायचं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात, रक्कम शहराप्रमाणे वेगवेगळी. पण वसतिगृहाचा फॉर्म कुठे, स्वयम्‌चा कुठे, प्रकल्प कार्यालय कुठलं लागतं, हे नवीन पोराला एकट्याने शोधायला लावू नका. पीएचडी करणाऱ्यांसाठी केंद्राची एसटी नॅशनल फेलोशिप आहे, वर्षाला 750 जागा, ती बरेच जण हातची घालवतात कारण कुणी वेळेत सांगतच नाही.

आणि मग व्हॅलिडिटी. जातीचा दाखला असून भागत नाही, तपासणी समितीकडून तो पडताळून घ्यावा लागतो, आणि एसटीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा असला तर फार बरं. आता सांगा, ज्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस हे पोरगंच आहे किंवा फार तर त्याचा बाप, तिथे 1950 च्या आधीचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? तर असं करा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ते, त्यात आजोबा-पणजोबाची नोंद शोधायची. जमीन असेल तर जुने उतारे. नोंद मोडीत असेल तर घाबरू नका, मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, काका, चुलतभाऊ, आत्या, कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तो सगळ्यात मोठा आधार, म्हणून वंशावळ आधी कागदावर काढा आणि फोनाफोनी करा. हे सगळं प्रवेशाच्या वर्षात नको, बारावीलाच सुरू झालं पाहिजे.

कागदांवर समितीचं समाधान नाही झालं तर दक्षता पथक चौकशी करतं, आणि त्यात विचारतात की तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, माणूस गेल्यावर काय करता, सण कोणते. म्हणजे बघा, पोरगं पाचवीपासून आश्रमशाळेत, मग शहरात, सगळीकडे त्याला कळलेलं असतं की घरची भाषा बोलायची नाही, देवाचं नाव काढायचं नाही, लोक हसतात. आणि एक दिवस सरकारी माणूस समोर बसून विचारतो, सांग तुझा देव कोण. ज्याने दहा वर्षं लपवलं त्यालाच सिद्ध करायला सांगतात. मला हे फार लागतं. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलंय की ही अ‍ॅफिनिटीची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, प्रत्येक केसमध्ये ती लागतेच असंही नाही, हे पोरांना आणि पालकांना सांगून ठेवा. पण तरीही मी म्हणतो, आपल्या रूढी माहीत पाहिजेत, समितीसाठी नको, स्वतःसाठी. दिवाळीच्या सुट्टीत जाताना प्रत्येकाला एक वही द्या, आजीला विचारून लिहून आण, पेरणीला काय करता, कणसरी कोण, वाघदेवाला काय देतात, कुठल्या कुळाचं लग्न कुठल्या कुळाशी होत नाही. आमच्याकडे एका मुलीने चाळीस पानं आणली, तिची आजी दोन दिवस बोलत होती म्हणे. अशी वही हातात असलेलं पोरगं कुणाहीसमोर ताठ बसतं.

सणांचं कॅलेंडर हा पुढचा विषय आणि इथे कॉलेजला प्रत्यक्ष काहीतरी बदलावं लागतं. आमच्याकडे डोंगरदेव मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, नेमका सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतो, काठी गावची राजवाडी होळी बघायला लांबून लोक येतात, आणि तिथलं पोरगं त्या आठवड्यात पुण्यात थांबणारच नाही. गोंडांची कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला. विद्यापीठाची परीक्षा तुमच्या हातात नसते, कबूल, पण इंटर्नल, प्रॅक्टिकल, सबमिशन, प्रोजेक्टची तारीख तर तुमच्याच हातात आहे. जूनमध्ये बसून हे सण कॉलेजच्या कॅलेंडरवर टाका, आणि त्या दिवसांत इंटर्नल ठेवू नका किंवा दुसरी तारीख द्या. 9 ऑगस्टचा, जागतिक आदिवासी दिनाचा, कार्यक्रम करून फोटो काढणं सोपं आहे, होळीला एक प्रॅक्टिकल पुढे ढकलणं जास्त उपयोगाचं. आणि 9 ऑगस्टला पोरांना पिसं लावून नाचवू नका, त्यांना काय करायचंय ते त्यांना ठरवू द्या.

पालक मीटिंगचंही तसंच. कातकरी घरं दिवाळीनंतर वीटभट्टी, कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, त्यांना जानेवारीत मीटिंगला बोलावून "पालकांना रस नाही" असं रजिस्टरमध्ये लिहिणं हा अन्याय आहे. फोन करा, संध्याकाळी, आणि तो त्यांच्या भाषेतल्या सिनियरला करू द्या.

खोली मिळाली तर घ्याच, छोटी चालेल. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 1993 पासून तिथल्या मूळ लोकांच्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवर त्यांच्या पद्धतीचं लाँगहाऊस आहे, आपल्याला एवढं नको. एक चटई, चार्जिंग पॉइंट, प्रिंटर, आणि जिथे घरची भाषा मोठ्याने बोलता येते असं दार, बास. महिन्यातून एकदा गावाकडचं जेवण करा, नागलीची भाकर, अंबाडीची भाजी, तांदळाची भाकरी, ज्याच्या घरून जे येईल ते. याला लाड समजू नका. मोठ्या शहरांतल्या सरकारी वसतिगृहांत 2018 पासून मेसऐवजी पैसे खात्यात यायला लागले, ते उशिरा आले की पोरं एकवेळ जेवून काढतात, आणि जेवता जेवताच कळतं की कुणाचे पैसे आले नाहीत. समोरासमोर विचारलं तर कुणीही "जेवलो सर" असंच म्हणतं. गावातला एखादा जाणता माणूस, भगत, सुईण, तारपा वाजवणारा, वर्षातून एकदा बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन देऊन, पाहुण्या प्राध्यापकाला देता तेवढंच.

वर्गात शिकवणाऱ्यांसाठी थोडंसं. यातल्या बऱ्याच पोरांची मराठी दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. उत्तर येत असतं, वाक्य जुळत नसतं. पहिल्या सेमिस्टरला तोंडी उत्तराआधी दोन मिनिटं लिहायला द्या, बघा किती हात वर येतात ते.

आता अवघड भाग. 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवीचा जीव गेला, तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, सिनियरनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. तिची आई आबेदा तडवी आणि 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठात जीव गमावलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या, यूजीसीचे 2012 चे समानतेचे नियम नीट पाळले जावेत म्हणून. तुमच्या कॉलेजात समान संधी केंद्र, एससी-एसटी सेल कागदावर असेलच, तिथे खरं कोण बसतं ते शोधा, आणि त्या माणसाला पहिल्या महिन्यात पोरांसमोर आणून बसवा, नुसता बोर्डवर नंबर नको. कुणी सांगितलं की मला अमुक म्हणून चिडवतात, तर "मस्करी असेल" हे शब्द तोंडातून काढू नका. लिहून घ्या, तारीख टाका, पोच द्या, आणि पुढे काय झालं ते त्या पोराला स्वतःहून सांगा. कुणी गप्प गप्प झालं, जेवण सुटलं, मेसेजला उत्तर नाही, तर सिनियरने त्याच दिवशी खोलीवर जायचं. टेलिमानस 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. पण फोन लावताना शेजारी बसा, आणि घरी जावंसं वाटत असेल तर एसटीच्या तिकिटाची सोय करून पाठवा. चार दिवस आईजवळ, आपल्या रानात राहून पोरगं सावरून परत येतं हे मी कितीदा बघितलंय, फक्त हजेरीवरून त्याला परत आल्यावर कुणी झापू नये एवढं आधीच बोलून ठेवा.

एप्रिल संपता संपता, सगळे गावी जायच्या आधी, एक काम राहू देऊ नका. प्रत्येकाचा गावाकडचा दुसरा नंबर घ्या, किराणा दुकानवाल्याचा, अंगणवाडी ताईचा, कुणाचाही, कारण पाड्यावर रेंज नसते आणि वसतिगृहाचे फॉर्म सुटतात तेव्हा पोरगं शेतावर नाहीतर मजुरीवर असतं. निरोप तिथे पोचला पाहिजे.