सिलिअॅक असताना मराठी स्वयंपाकघर : गिरणीपासून ताटापर्यंत

सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतडे झिजवणाऱ्या आजाराची नुसती शंका आली म्हणून लगेच पोळी बंद करू नये, ही या विषयातली पहिली सूचना आहे. ती उशिरा कळली तर निदानच अवघड होऊन बसते. रक्तातील टीटीजी-आयजीए ही या आजारातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजणारी चाचणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेऊन केली जाणारी बायॉप्सी, या दोन्ही तपासण्या गहू नियमितपणे पोटात जात असेल तरच खात्रीचे उत्तर देतात. काही आठवडे गहू सोडला की रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल फसवा येऊ शकतो. त्यामुळे आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये.

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे परदेशी धान्य) या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. लहान मुलांत जुलाब, फुगलेले पोट आणि खुंटलेली वाढ दिसते. मोठ्या माणसांत मात्र कित्येकदा पोटाची तक्रारच नसते, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण असते. आयुष्यभर ग्लूटेन पूर्णपणे टाळणे हा यावरचा एकमेव सिद्ध उपचार आहे. गहू ‘सोसत नाही’ म्हणून कमी खाणारा माणूस आणि सिलिअॅकचा रुग्ण यांत म्हणूनच फरक करायला हवा, कारण रुग्णाच्या बाबतीत ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य खरोखर घातक आहे.

एवढेसे म्हणजे किती, हे एकदा नीट समजून घ्यावे. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे आणि कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असते असे धरले तर ही मात्रा जेमतेम अर्धा ग्रॅम कणकेत भरते. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे, अशी भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे. गव्हाच्या एका दाण्याचे वजन 40 मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे दळले गेले तरी आपण त्या मर्यादेवर पोहोचतो.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की खरा धोका कुठे आहे ते कळते. मराठी माणसाकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आणि राजगिरा एवढा ऐवज आधीपासूनच आहे, त्यामुळे काय खावे हा प्रश्न आपल्याकडे तितका बिकट नाही. ते धान्य कुठे दळले, हा प्रश्न बिकट आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू पडत असतो आणि जात्याच्या पाळ्यांत, पीठ पडण्याच्या नळीत, कापडी पिशवीत त्याचे पीठ अडकून राहते. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असे गिरणीवाल्याला सांगण्याची आपली पद्धत चवीसाठी ठीक आहे, पण सिलिअॅकसाठी ती पुरेशी नाही. सकाळचे पहिले दळणसुद्धा आदल्या दिवशीच्या गव्हावरच पडत असते. शक्य असेल त्या कुटुंबाने घरघंटी घ्यावी, ती नवी घ्यावी आणि तिच्यात गहू एकदाही घालू नये. माझ्या मते या आजारात करण्यासारखा सर्वांत मोलाचा खर्च हाच आहे, महागड्या ग्लूटेन-फ्री बिस्किटांच्या पुड्यांचा नव्हे.

दळण्याआधी धान्य निवडणे ही आता सवडीने करायची गोष्ट राहत नाही. वाण्याकडे एकाच मापाने सगळी धान्ये भरली जातात, त्यामुळे दाणे मिसळलेले असतातच. थाळीत ज्वारीचा एकच पातळ थर पसरावा आणि थाळी उजेडात धरावी. ज्वारीचा दाणा गोल आणि पांढुरका, तर गव्हाचा लांबट, तांबूस आणि मधोमध चीर असलेला असतो, त्यामुळे तो नजरेला लगेच सापडतो. निवडलेले धान्य दोन पाण्यांनी धुऊन, स्वच्छ कापडावर कडक वाळवून मगच दळावे, म्हणजे वरची धूळही जाते.

घरघंटी परवडत नसेल तर भिजवून वाटण्याच्या पदार्थांकडे वळावे, कारण त्यांना गिरणी लागतच नाही. कोकणातली आंबोळी आणि भिजवलेल्या तांदळाचे घावन, मुगाची धिरडी, इडली, हे सारे घरच्या मिक्सरवर होते. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरमध्ये बारीक करून चाळला तर उकडीच्या मोदकापुरते पीठही घरी निघते.

घरात इतरांसाठी पोळ्या होत असतील तर रुग्णाचे पोळपाट-लाटणे, चाळण, लाकडी उलथणे आणि तवा वेगळा ठेवावा. स्टीलचे भांडे घासून स्वच्छ होते, लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत गेलेले पीठ मात्र निघत नाही. कणीक भिजवताना आणि पोळीला पीठ लावताना ते हवेत उडते आणि ओट्यावर बसते, म्हणून भाकरी आधी करून, झाकून ठेवून मग पोळ्यांना हात घालावा. पुऱ्या तळलेले तेल पापडाला वापरू नये. तुपात बुडवलेला पोळीचा तुकडा किंवा लोणच्याच्या बरणीत गेलेला खरकटा चमचा इजेला पुरतो, म्हणून या दोन वस्तूंची लहान बरणी रुग्णाच्या नावाने वेगळी काढावी.

आता लपलेला गहू. सर्वांत आधी हिंग पाहावा. बाजारात मिळणारा बांधणी हिंग म्हणजे हिंगाचा अर्क, खाण्याचा डिंक आणि पीठ यांचे मिश्रण असते. ते पीठ कित्येकदा मैद्याचे किंवा कणकेचे असते आणि तोच हिंग वरण, आमटी, भाजी, लोणचे, पापड अशा प्रत्येक पदार्थात जातो. तांदळाचे पीठ घातलेला हिंग मिळतो, तो वेष्टनावरची यादी वाचून घ्यावा किंवा पीठ न मिसळलेला शुद्ध हिंग आणावा. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीतही असतो आणि सातूचे पीठ तर गहू किंवा जव यांवाचून सहसा होतच नाही. ही तिन्ही घरी गहू वगळून करता येतात आणि भाजणीच्या खमंगपणात फारसा उणेपणा येत नाही. गव्हाच्या चिकाच्या कुरड्या, शेवया, दलिया, सगळ्या प्रकारचा गव्हाचा रवा हे बंदच. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली आग्रहाने सुचवला जातो, परंतु तोही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सिलिअॅकच्या रुग्णाला तो कधीही देऊ नये. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि बहुतेक कॉर्नफ्लेक्स यांत जवाचे माल्ट असते, सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. ओट्स मुळात वेगळे धान्य असले तरी ते गव्हाच्या संगतीनेच हाताळले जाते, म्हणून ग्लूटेन-फ्री असा स्पष्ट उल्लेख असलेलेच आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. औषधे आणि टॉनिकांबद्दलही औषधविक्रेत्याला विचारण्याची सवय ठेवावी.

शाळेच्या डब्याची अडचण खरी आहे, कारण भाकरी दुपारपर्यंत कडक होते. ज्वारीच्या पिठाची उकड काढून, ती गरम असतानाच मळून पातळ फुलके लाटले तर ते बरेच मऊ राहतात. वाटीभर पिठाला अर्धा चमचा इसबगोल घातले तर पीठ लाटताना फाटत नाही. पीठ ताजे हवे, जुन्या पिठाच्या भाकरीला कडेने चिरा पडतात. दुधी किंवा काकडी किसून घातलेली थालिपिठे, तांदळाच्या शेवयांचा उपमा आणि फोडणीची इडली डब्यात चांगली टिकते. वर्गात वाढदिवसाचा केक येतोच, तेव्हा शिक्षकांकडे राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की आधीच देऊन ठेवावी, म्हणजे मुलाला रित्या हाताने बसावे लागत नाही.

सणावारात उपवासाचे दिवस सगळ्यांत सोपे जातात, कारण साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळे यांत ग्लूटेन नसते. मात्र शिंगाड्याचे आणि राजगिऱ्याचे तयार पीठ कुठे दळले हा प्रश्न तिथेही सुटत नाही. पुरणपोळीच्या दिवशी पुरण वाटीत तुपाबरोबर द्यावे किंवा तांदळाच्या उकडीत भरून वाफवावे. सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हणताना घरच्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटते, याची जाण ठेवून यजमानांना आदल्या दिवशीच फोन करावा आणि नैवेद्यात केळे किंवा खडीसाखर ठेवायला सांगावे. प्रसाद घेतला जातो आणि कुणाचे मनही मोडत नाही. गोवा आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांपुढे ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे चर्चमध्ये प्रसाद म्हणून मिळणाऱ्या गव्हाच्या भाकरीचा प्रश्न येतो. पूर्ण ग्लूटेनमुक्त भाकर चर्चच्या नियमाला मान्य नाही, हे व्हॅटिकनने 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अत्यल्प ग्लूटेनची भाकर किंवा नुसता द्राक्षारस हे मार्ग मात्र खुले आहेत आणि त्याविषयी धर्मगुरूंशी आधीच बोलावे.

बाहेर खाताना ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरण्यापेक्षा ‘गहू, मैदा, रवा, कणीक यांतले काहीही नको आणि हिंगही नको’ असे सांगितलेले आचाऱ्याला नेमके कळते. साधा डोसा रवा डोशाच्याच तव्यावर पडतो, वडा दुसऱ्या तळणीच्या तेलात जातो, मिसळीच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. त्यापेक्षा भात-दही, हिंग न घातलेली साबुदाण्याची खिचडी, उकडलेली अंडी, फळे यांवर भागवावे. लग्नाच्या पंगतीला घरून डबा नेण्यात संकोच करू नये.

पथ्य सुरू झाल्यावर लोह, फॉलिक अॅसिड, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची पातळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, कारण झिजलेल्या आतड्याने वर्षानुवर्षे ही द्रव्ये शोषलेली नसतात. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून तिची भाकरी किंवा आंबील रोजच्या जेवणात असावी. टीटीजी चाचणी सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पुन्हा करतात. ती उतरत नसेल तर गहू अजून कुठून तरी पोटात जातो आहे असे समजून हिंगाच्या डबीपासून आणि पिठाच्या डब्यापासून शोध घ्यावा. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून त्रास नसला तरी त्यांचीही रक्ततपासणी करावी आणि ती होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी चालू ठेवावी.