कॉम्प्युटरची वर्षाची एएमसी घेताय? पैसे देण्याआधी एवढं करा

पुण्यात सहकारनगरात आमच्या बाबांनी एका दुकानदाराला एएमसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या वर्षभराच्या देखभाल-दुरुस्तीच्या कराराचे, पैसे एकरकमी दिले. तिसऱ्या महिन्यात येणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि दुकानातला फोन नुसताच वाजत राहिला. हातात कागद म्हणून एक व्हिजिटिंग कार्ड होतं, बस्स. तेव्हापासून मी एएमसी पुढच्या क्रमानेच घेतो.

१. आधी जुना हिशेब काढा. गेल्या बारा महिन्यांत माणूस किती वेळा घरी आला आणि दर खेपेला किती घेऊन गेला, ते यूपीआयच्या हिस्ट्रीत सापडतं. समजा चार खेपा, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे २००० झाले. करार ३००० चा असेल तर वरचे हजार कशाचे, हे त्याला विचारा. मशीन नवं असून कंपनीची ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्त करून देण्याची) वॉरंटी चालू असेल, तर एएमसी नकोच. घरात एकटे ज्येष्ठ नागरिक असतील तर मात्र हिशेब थोडा तोट्यात गेला तरी मी घेईन.

२. कॉम्प्रिहेन्सिव्ह की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, ते ठरवा. पहिल्यात पार्टही येतात, दुसऱ्यात फक्त मजुरी. पण ‘पार्टसकट’ करारातूनही यूपीएसची बॅटरी, कीबोर्ड, माउस, प्रिंटरचं कार्ट्रिज आणि व्होल्टेज वाढून जळालेले पार्ट सहसा वगळलेले असतात. पुण्यात ही शेवटची अट नीट वाचा. गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि परत येताना झटका बसलाच तर तो आधी एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायला, बसतो. त्याचे पैसे कोण देणार, हे करारात आलं पाहिजे. साधा एसएमपीएस, रॅम वगैरे तपकीर गल्लीत स्वतः भाव करून आणता येतं, म्हणून मला मजुरीपुरता करार बरा वाटतो.

३. ‘२४ तासांत रिस्पॉन्स’ या शब्दांवर जाऊ नका. फोन उचलून ‘बघतो’ म्हणणं हाही रिस्पॉन्सच. ‘तक्रार नोंदवल्यापासून इतक्या तासांत माणूस घरी येईल’ असं लिहून घ्या. वर्षात किती खेपा, आणि तोच बिघाड आठवड्यात परत आला तर ती नवी खेप धरणार का, हेही लिहून घ्या. बाबांच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं होतं.

४. मशीनचं वय बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन विंडोज ११ घेत नसेल, तर त्यावर वर्षाचा करार करायचा का, याचा दोनदा विचार करा. ‘मी फुकटात टाकून देतो’ म्हणत पायरेटेड विंडोज टाकणारा असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

५. डेटाची जबाबदारी बहुतेक करारांत नसते. पहिल्या खेपेआधीच फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मशीन दुकानात नेणार असतील तर हार्ड डिस्क आणि रॅमचे सीरियल नंबर लिहिलेली पावती मागा आणि मशीनचा फोटो काढून ठेवा. एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप आपण स्वतः तक्रार केली असेल तरच चालू करायचं. समोरून फोन आला तर नाही. फसलातच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

६. आता पैसे. जीएसटी १८ टक्के लावला असेल तर बिलावर १५ अक्षरी जीएसटी नंबर हवा. महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. नंबर नसेल तर जीएसटी घेण्याचा त्याला अधिकार नाही. अर्धे आता, अर्धे सहा महिन्यांनी, असं म्हणून बघा. भाव तोडण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. यूपीआयवर ऑटोपे (ठरल्या तारखेला पैसे आपोआप कापले जाण्याची सोय) लावायला सांगितलं तर नको म्हणा. बिल आणि करार जपून ठेवा, कारण ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केलात तर तिथे तेच लागतील.

करार संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तिच्या पंधरा दिवस आधी उरलेली एखादी खेप मागून घ्या, आणि आलेल्या माणसाकडून कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढून घ्या.