नवीन गाडी, मीटरमध्ये वाफ आणि फोर्कमधून ऑईल: माझा अनुभव
पावसात नाशिकला पाथर्डी फाटा-अंबड जाता-येता नव्या बाईकच्या मीटरच्या काचेत आतून वाफ धरायला लागली आणि पुढच्या फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या शॉकअपच्या) नळीवर ऑईलचं कडं, बोट फिरवलं की चिकट. सर्व्हिसवाला म्हणे, "दादा, ऊन पडलं की जाईल." थोडी वाफ जाते हे खरं, पण थेंब साचून आकडेच दिसेनात म्हणजे पाणी आत शिरतंय. मग थंड गाडीचा व्हिडिओ काढला आणि जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटर तक्रारी लिहून घेतं तो कागद) 'चेक करणे' असं मोघम न लिहू देता दोन्ही तक्रारी नीट लिहून घेतल्या, कॉपीही घेतली, हे फार महत्त्वाचं, तोंडी बोलण्याला तिथे किंमत नसते. तेच कस्टमर केअरला मेल केलं. मीटर आणि फोर्कचं ऑईल सील (ऑईल आत अडवणारी रबरी रिंग) दोन्ही वॉरंटीत बदलून मिळालं. कोणी टाळाटाळ केलीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तक्रार नोंदवाच.