घरकामात मुलाला खरा वाटा द्यावा

आई-वडील दोघेही सकाळची लोकल गाठून संध्याकाळी दमून ठाण्याला किंवा वाशीला उतरत असतील, तर त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी रोज वेगळा तास काढावा, असे सुचवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. त्याऐवजी घरात जे काम एरवीही व्हायचेच आहे, त्यात मुलाला वाटा द्यावा. मात्र तो वाटा खरा असावा, म्हणजे मुलाने तो उचलला नाही तर काम अडले पाहिजे. खेळण्यातले पोळपाट-लाटणे हातात देऊन बाजूला बसवले, तर आपल्याला केवळ गुंतवून ठेवले आहे, हे मुलाला लगेच उमगते.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग केला. (ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ती तिकडे गेली.) आपल्याकडे स्वयंपाकघर आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

सुरुवात पाने घेण्यापासून करावी. ‘आज आजोबा जेवायला आहेत, आत्या उशिरा येणार आहे, मग किती ताटे लागतील?’ एवढेच विचारून ताटे-वाट्या मुलाच्या हाती द्याव्यात. प्रत्येक ताटाला एक वाटी आणि प्रत्येक माणसाला एक पेला, अशी जोडी लावता लावता मोजण्याचा पाया पक्का होतो. नुसते शंभरपर्यंत आकडे म्हणून घेतल्याने तो होत नाही. एखादी वाटी कमी पडली तर आपण ती सांगू नये. आमटी वाढताना ती उणीव मुलाच्याच लक्षात येईल आणि ते धावत जाऊन वाटी घेऊन येईल. त्यानंतर वाढण्याची रीत दाखवावी: मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर डावीकडे, भाजी व आमटी उजवीकडे. डावे-उजवे शिकवण्यासाठी याहून चांगला तक्ता मला तरी ठाऊक नाही. या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना मुलाच्या हातचे काम काढून घेण्याचा मोह होतो, तेव्हा ‘आई, त्याला वाढू द्या, सांडले तर तोच पुसेल’ असे आदराने पण ठामपणे सांगावे, आणि पुसायचे फडके आधीच मुलाच्या हाताशी ठेवावे.

मटकीला मोड आणणे हा तर दोन दिवस चालणारा प्रयोगच आहे. रात्री एक वाटी मटकी मुलाकडून मोजून भिजत घालावी आणि थोडी कोरडी बाजूला काढून ठेवावी. सकाळी दोन्ही दाणे त्याच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, की एक टणक, बारीक आणि दुसरा फुगलेला, नखाने सहज दबणारा, हा फरक ते बोटांनीच ओळखते. भिजलेली मटकी पुन्हा त्याच वाटीने मोजायला लावावी. ती जवळजवळ दुप्पट भरते, आणि ‘असे कसे झाले?’ हा प्रश्न मूलच विचारते. त्याचे उत्तर लगेच देऊ नये, आधी पाण्याचे काय झाले ते त्याला सांगू द्यावे. मग ती ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. थंडीत मोड यायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही दोन्ही ऋतूंत करून पाहिले की कळते. एवढी खबरदारी मात्र घ्यावी, की लहान मुले दाणे नाकात किंवा कानात घालतात. म्हणून अशा वेळी मोठे माणूस शेजारी बसलेलेच हवे, आणि तीन वर्षांखालील मुलाला हे काम देऊच नये.

काम चालू असताना बोलावे, पण परीक्षा घेऊ नये. ‘हा रंग कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक असते आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते. त्यापेक्षा ‘कालपेक्षा आज काय वेगळे दिसते?’ असे विचारून गप्प राहावे. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि ती शांतता मोठ्यांनाच सोसवत नाही. घरात आगरी, मालवणी, अहिराणी, जी बोली असेल तीत बोलावे. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून आजीने आपली बोली सोडण्याचे काही कारण नाही.

घराबाहेरही फार काही करावे लागत नाही. लिफ्टमधून उतरताना उलटे आकडे आपोआप म्हटले जातात. ठाण्याहून वाशीच्या गाडीत दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा हा क्रम पाठ होतो, आणि फलाटावरच्या पाटीतला ‘घ’ मूल एके दिवशी स्वतःहून ओळखते. भाजी घेताना मेथी, शेपू आणि कोथिंबीर डोळे मिटून वासावरून ओळखायला लावावी. हल्ली मोबाइलने पैसे दिले जात असल्याने मुलाला पैसा दिसतच नाही. म्हणून कधीतरी वीस रुपयांची नोट त्याच्या हाती देऊन उरलेली नाणी त्यालाच घेऊ द्यावीत.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबाबत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे. निदान जेवणाची वेळ त्यातून वगळावी.

रोज सगळे जमणार नाही, जमवूही नये. एका वेळी एकच काम मुलाच्या नावावर करावे, ते सरावले की थोडे अवघड करावे: पाने घेणाऱ्याने पुढे कोशिंबीर वाढावी, नंतर कणकेचे सारखे गोळे करावेत. मध्येच कंटाळून ते उठून गेले तर जाऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे. गॅस, कुकर आणि धारदार सुरी यांपासून त्याला दूरच ठेवावे; सोललेले केळे कापायला बोथट सुरी पाचव्या वर्षाच्या सुमारास, जमिनीवर पाट मांडून आणि आपण शेजारी बसून, देता येते.