‘हळू जा’ म्हणून भागत नाही : नव्याने गाडी हातात घेणाऱ्यांनी या चुका टाळा

अकरावीचा क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला लागला की घरात गाडीचा विषय निघतोच. पोरगं बाहेर पडताना आई मागून ‘हळू जा रे’ म्हणते, ते ‘हो’ म्हणतं आणि दोघांचंही समाधान होतं. अडचण अशी की हळू म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणीच ठरवलेलं नसतं. ११० सीसीची स्कूटर पन्नासला धापही टाकत नाही. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला पन्नास हळूच वाटतं.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्यातल्या ७१.२ टक्के मृत्यूंसमोर कारण आहे अतिवेग, आणि गेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे. खड्ड्यांचा आणि चुकीच्या वळणांचा वाटाही या एका रकान्यात बुडून जातो, असं म्हणायला जागा आहे. तरी रकाना रिकामा होत नाही.

चावी देण्याआधीची चूक

‘गल्लीतल्या गल्लीत जायचंय’ ही पहिली. कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी चालवता येते, तीही लायसन्स काढून. घराघरातल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत त्या मुलांच्या नाहीतच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला ठाऊकच नव्हतं’ हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. विम्याचंही तसंच. समोरच्याला भरपाई कंपनी देते, पण लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी होती म्हटल्यावर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

‘हिला लायसन्स लागत नाही’ म्हणून घेतलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा वेगळाच घोळ आहे. ही सूट २५ किलोमीटर वेग आणि २५० वॉटपर्यंतच्या गाडीला. वेगाला घातलेला लगाम काढून ती चाळीस-पंचेचाळीसला पळवली, की ती कायद्याने मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही, आणि ब्रेक मात्र पंचवीसच्या हिशोबाने बसवलेले. घेतल्यावर एकदा सपाट रस्त्यावर स्वतः काटा बघून या.

अठरा व्हायला वर्ष-दीड वर्ष बाकी असेल तर सायकल आणि एसटीचा पास हे कमीपणाचे पर्याय नाहीत.

काटा बघता, अंतर बघत नाही

नव्या चालवणाऱ्याच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते : तो वेग किलोमीटरमध्ये मोजतो, आणि रस्ता मीटरमध्ये संपतो.

४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७, ८० ला २२. आडवं आलेलं कुत्रं दिसणं आणि बोटं लिव्हरवर आवळणं यात पूर्ण लक्ष असलेल्या माणसाचाही एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर, टायर चांगले असतील आणि दोन्ही ब्रेक नीट लावले तर ४० ला आणखी साधारण १० मीटर लागतात, ६० ला २३ आणि ८० ला ४१. बेरीज करा : २१, ४०, ६३.

आता शाळेसमोर उभ्या रिक्षाच्या आडून एक पोर धावत रस्त्यात आलं असं धरा, बरोबर २१ मीटरवर. चाळीसवाला त्याच्या पुढ्यात थांबतो. साठवाल्याचे सतरा मीटर ब्रेक लागायच्या आतच संपलेले असतात. उरलेल्या चार मीटरांत त्याचा वेग उतरून उतरून ५४ च्या आसपास येतो. एकाची गाडी थांबते त्याच जागी दुसरा ५४ ने धडकतो. ‘वीसनेच तर जास्त होता’ यातल्या त्या विसाचा हा हिशोब.

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. नेहमीच्या रस्त्यावर दोन विजेच्या खांबांमधलं अंतर एकदा पावलांनी मोजा. मोठं पाऊल सुमारे पाऊण मीटरचं धरा. मग तो खांब हीच पट्टी. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं. तेवढं म्हणून होण्याआधी आपण खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात ‘एक हजार चार’पर्यंत.

आणि घरातून निघताना ‘हळू’ऐवजी आकडा सांगा. वस्तीत ३०, मोठ्या रस्त्यावर ४०, गावाबाहेर ५०. पालिका हद्दीत दुचाकीची कमाल मर्यादा केंद्राने २०१८ मध्ये ६० ठरवली आहे. ती अनुभवी हातालाही कमालच आहे, आणि फलकावर त्याहून कमी लिहिलं असेल तर फलक खरा.

‘पुढचा ब्रेक लावू नको, पलटी मारशील’

गाडी शिकवणारा काका, मामा, थोरला भाऊ सगळे हे सांगतात आणि इथेच घात होतो. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवायची ताकद पुढे जास्त. नुसता मागचा दाबणाऱ्याचं मागचं चाक जाम होऊन घसरतं, गाडी शेपूट हलवते आणि अंतर वाढत जातं. पुढचा ब्रेक पाडतो तो तीन वेळा : हिसका देऊन दाबला, हँडल वळलेलं असताना दाबला, किंवा वाळूवर दाबला.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत १२५ सीसीपर्यंत किमान सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सोय) असतो आणि त्याहून मोठ्या गाड्यांत एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय). सीबीएस असलेल्या स्कूटरची डावी लिव्हर दाबली की पुढचा ब्रेकही लागतो, पण थोडाच. उजव्या लिव्हरला पर्याय नाही.

सराव असा करा. लर्निंग लायसन्स हातात, गाडीला ‘एल’ पाटी, सोबत जाणतं माणूस. मातीचं मैदान नको. रविवारी सकाळचा एमआयडीसीतला रिकामा डांबरी रस्ता उत्तम. खडूने आडवी रेघ मारा. २० च्या वेगाने सरळ या, रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम लावा, पण ओला स्पंज पिळतो तसे : आधी हलके, मग घट्ट. थांबल्यावर रेघेपर्यंतची पावलं मोजा. दहा वेळा हे जमलं की ३०, मग ४०. शेवटी पाचदा फक्त मागच्या ब्रेकने, तेही २० लाच, आणि पावलं पुन्हा मोजा. तो फरक मुलाने स्वतःच्या पायांनी मोजला की काकांचा सल्ला आपोआप बाद होतो.

सरावात काय बिघडेल? शेपूट हलली तर हँडल सरळ ठेवून मागचा ब्रेक किंचित सोडायचा, नजर समोर. पुढचं चाक घसरल्यासारखं वाटलं तर पुढचा तत्क्षणी सोडून पुन्हा हलकेच लावायचा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ढिली आहे किंवा ब्रेक शू संपलेत. दाबायला लागल्यापासून ब्रेक धरेपर्यंत लिव्हरच्या टोकाला एक-दोन सेंटीमीटर मोकळी चाल ठीक, त्याहून जास्त असेल तर मेकॅनिककडे. दोन्ही लिव्हर एकेक करून दाबा आणि मागचा दिवा दोन्ही वेळा लागतो का तेही पाहा.

घाटात अजून एक. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलला गाडी सोडायची नाही. ब्रेक तापून सुटायला लागतात. चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला.

एसटीला ओव्हरटेक

दुपदरी रस्ता, पुढे ५० ने जाणारी एसटी, मागे ६० ने आपण. बस बारा मीटरची, मागे-पुढे दहा-दहा मीटर मोकळी जागा आणि आपली गाडी मिळून चौतीस मीटर कापायचे. वेगातला फरक ताशी दहाचा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. बारा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण दोनशे मीटर जातो आणि समोरून ६० ने येणाराही दोनशे. सलग चारशे मीटर मोकळा रस्ता दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही. डबलसीट स्कूटरला साठच्या पुढे उचल नसते, त्यामुळे ‘रेस देऊन निघून जाऊ’ हे मधेच जमत नाही. अर्ध्यातून माघार घ्यायची वेळ आली तर हॉर्न वाजवत बसू नका, रेस सोडा आणि बसच्या मागे या. डावीकडून कधीच नाही. एसटी प्रवासी उतरवायला तिकडेच वळते आणि साइडपट्टी कुठे तुटली आहे ते दिसत नाही.

अंधार आणि ऊस

स्कूटरच्या खालच्या बीममध्ये नीट दिसतं ते साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंत. साठला थांबायला चाळीस लागतात. म्हणजे जे दिसलं त्यासाठी थांबता येईलच असं नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, हे रोजचं चित्र. त्यातली एखादी टायर फुटून रस्त्यातच उभी असते. समोरच्याचा अप्पर डोळ्यावर आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि ट्रॉली नेमकी त्या काळोखात असते. उपाय साधा आहे : रात्री ४० च्या वर नाही. समोरून प्रकाश आला की रेस सोडून नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. पट्टा नसेल तर ३०. कारखान्याजवळच्या रस्त्यावर सांडलेला ऊस आणि वावरातून आलेला चिखलही असतो, तिथे ब्रेक आधी मारून घ्यायचा, चिखलावर नाही. जूनच्या पहिल्या सरीतही तेच. धूळ आणि ऑइल मिळून डांबराचा साबण होतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं आडोशाला थांबलेलं बरं.

ट्रिपल सीट आणि हेल्मेट

तिसरा बसला की वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल भिरभिरतं आणि हेडलाइट आभाळाकडे बघतो. जो पुढचा ब्रेक वाचवणार होता तोच कमकुवत. दंड हजार रुपयांचा आहे, पण मुद्दा तो नाही.

हेल्मेट आयएसआयचं घ्या, रस्त्याकडेचं टोपलं नको. पट्टा लावून मान खाली घाला आणि मागून वर ढकला. निघून आलं तर माप चुकलं. पट्ट्याखाली एक बोट मावावं, मूठ नाही.

मित्रांची रांग

चार गाड्यांवर आठ जण निघाले की शेवटचा नेहमी सगळ्यात जोरात असतो, कारण त्याला पुढच्यांना गाठायचं असतं. सिग्नलला तुटला की पुढच्या सिग्नलपर्यंत सत्तर. सगळ्यात नवखा पुढे ठेवा आणि भेटायची जागा आधीच ठरवा, म्हणजे मागे राहिलेल्याला पाठलाग करावा लागत नाही.

पडला, आणि घरी सांगितलं नाही

हे फार होतं. वीसच्या वेगाने स्लिप झाली, गुडघा खरचटला, गाडी उचलून धूळ झटकली आणि गप्प. दुसऱ्या दिवशी तीच गाडी साठला जाते. घरी ओरडा बसणार नाही एवढी खात्री द्या आणि मग बरोबर बसून तपासा. गाडी मेन स्टँडला लावून मागून बघा, पुढचं चाक आणि हँडल एका रेषेत आहेत का. हँडल डावीकडून उजवीकडे फिरवा, मधे अडकता कामा नये. रिकाम्या रस्त्यावर २० ने चालवताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) किंवा टी (तो हँडलला जोडणारा भाग) वाकला आहे, तो मेकॅनिककडे जाईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. लिव्हर वाकून हँडलजवळ आली असेल तर ठोकून सरळ न करता नवी टाका, ठोकलेली ऐनवेळी मोडते. हेल्मेट जमिनीवर आदळलं असेल तर बाहेरून चरा दिसो न दिसो, आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो पुन्हा फुगत नाही. नवं घ्या.