वीजबिल कमी करायचंय? आधी पाच मिनिटं मीटरसमोर उभं राहा

आमचं नाशिकमधलं टू बीएचके, घरात चार माणसं, मी, बायको, मुलगा आणि आई. एसी नाही. तरी एका वर्षी जानेवारीत 236 युनिट आले आणि घरात सगळ्यांचं एकमेकांना सांगणं सुरू झालं, की लाईट बंद करत जा, चार्जर काढत जा, टीव्ही किती वेळ बघतोस. आठवडाभर सगळे शिस्तीत वागले आणि पुढच्या महिन्यात फरक पडला फक्त 9 युनिटचा. तेव्हा मला कळलं की आपण जिथे वाचवतोय तिथे वीज जातच नाहीये, ती दुसरीकडेच कुठेतरी जातेय, आणि ते कुठे हे मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून जे जे मोजलं आणि जसं जसं मोजलं ते इथे सांगतो, कुणालाही जमेल असंच आहे, एक वही आणि मोबाईल एवढंच लागतं.

आधी बिल नीट वाचा. आपण सगळे खालचा आकडा बघतो आणि भरून टाकतो. एक युनिट म्हणजे 1000 वॅटची वस्तू एक तास चालवली तर जेवढी वीज लागते तेवढी. म्हणजे इस्त्री सलग एक तास तापत राहिली तर एक युनिट, 10 वॅटचा बल्ब 100 तास जळला तरी एकच युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात, 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्याच्या वर. बऱ्याच जणांना वाटतं की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो. तसं नाहीये. पहिल्या 100 ला खालचाच दर राहतो, त्याच्या वरच्यांनाच वरचा लागतो.

पण खरी गोम तिथेच आहे. 2024-25 च्या दराने पहिल्या 100 ला युनिटमागे 4.71 रुपये होते आणि 101 ते 300 ला 10.29. आमच्या 236 मध्ये पहिल्या 100 चे झाले 471 रुपये आणि वरच्या 136 चे जवळजवळ 1400. त्यावर प्रत्येक युनिटला 1.17 रुपये वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचे, वर स्थिर आकार, इंधन समायोजन कमीजास्त होत राहतं ते वेगळं, आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या टोकाचं असतं, म्हणजे आमच्यासाठी एक युनिट वाचलं की 13 रुपयांच्या पुढे वाचत होते. 300 च्या वर जाणाऱ्या घरात तर त्याहून जास्त. दर दरवर्षी बदलतात, तुमच्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूला किंवा ॲपवर बघून हा हिशोब एकदा स्वतःचा करा, मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज असेल तर दर वेगळे पण करायची पद्धत हीच.

आता मीटर. डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात, त्यातलं केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेलं पान हे तुमचं रीडिंग. रोज एका ठराविक वेळेला, आम्ही रात्री नऊला, त्याचा फोटो काढायचा आणि आदल्या दिवशीचा आकडा वजा करायचा. आठवडाभर एवढंच करा, दुसरं काही बदलू नका. आमचं रोजचं साडेसात-आठ यायचं. रविवारी दहा, कारण वॉशिंग मशीन, इस्त्री, आणि सगळे निवांत उठून वेगवेगळ्या वेळी अंघोळीला जातात. या फोटोंचा अजून एक फायदा, कधी रीडिंग न घेता सरासरीवर बिल आलं तर तुमच्याकडे तारखेसकट पुरावा असतो.

याच मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा, आमच्यावर 3200 आहे, तुमच्यावर 1600 किंवा दुसरंच काही असू शकतं. घड्याळ लावून एक मिनिट मोजायचं किती वेळा चमकला, त्याला 60 ने गुणायचं आणि 3200 ने भागायचं, की त्या क्षणी घरात किती किलोवॅट चालू आहे ते कळतं. समजा मिनिटाला 16 वेळा चमकला तर 16 गुणिले 60 म्हणजे 960, भागिले 3200 म्हणजे 0.3 किलोवॅट, म्हणजेच 300 वॅट. लोड कमी असेल तर पाच मिनिटं मोजा आणि गुणायचं 12 ने.

ही टेस्ट करायला दोन माणसं लागतात कारण मीटर खाली पार्किंगमध्ये आणि घर वर. मुलगा वर, मी खाली, फोन चालू. त्याला म्हटलं सगळी बटणं बंद कर, फ्रिज, वायफाय, इन्व्हर्टर, सगळं प्लगमधून काढ, फक्त मेन एमसीबी, म्हणजे घराचं मुख्य स्विच, चालू ठेव. सगळं बंद झालं तरी दिवा चमकतच होता, पाच मिनिटांत 14 वेळा. हिशोब केला तर 52 वॅटच्या आसपास. मुलगा म्हणाला बाबा घरात आता काहीच चालू नाही. मग मेन एमसीबी पण पाडायला लावली, तरी तेच! म्हणजे ही वीज आमच्या घरात येतच नव्हती, मीटर आणि घर यांच्या मधेच कुठेतरी जात होती. वायरमनला बोलावलं, त्याने शोधलं तर जिन्यातली जुन्या चोकची ट्यूबलाईट, जी दिवसरात्र चालू असते, तिची वायर बिल्डिंगचं काम झालं तेव्हा कुणीतरी आमच्या मीटरला जोडून ठेवलेली. 52 वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला 37 युनिट. वरच्या स्लॅबच्या दराने महिना 490 रुपये आणि आम्ही तिथे राहायला येऊन सहा वर्षं झाली होती. सोसायटीत सांगून ती कॉमन मीटरवर टाकून घेतली आणि तिथे एलईडीही बसवली. मला मनापासून वाटतं की प्रत्येकाने ही एक टेस्ट तरी कराच. मेन बंद केल्यावर चमकणं थांबलं पण घरातलं सगळं काढलेलं असताना चालू होतं, तर घरातल्याच वायरिंगमध्ये लिकेज असू शकतं, आणि ते पैशापेक्षा जिवाला धोकादायक आहे, स्वतः बोर्ड उघडू नका, वायरमनलाच बोलवा.

त्यानंतर एकेक वस्तू चालू करत मोजायचं. आम्हाला सगळ्यात मोठा धक्का गिझरचा.

गिझर 2000 वॅटचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक बादली पाण्याला किती लागतं हे कुणी बघत नाही. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी साधारण 20 अंश धरा, अंघोळीला 40 अंश हवं, 20 लिटरची बादली. एवढं पाणी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं, 0.46 पडतं गणिताने. चार माणसं, चार बादल्या, रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. आणि हे कमीत कमी, टाकीतून जी उष्णता उडून जाते ती वरून वेगळी. शॉवर दहा मिनिटं घेतला तर सहज 80 लिटर जातात, म्हणजे चार बादल्या, एकट्याच्या अंघोळीला दोन युनिट. पाणी तापायला जी उष्णता लागते ती लागतेच, गिझर फाइव्ह स्टार असो की साधा, इन्स्टंट असो की पंधरा लिटरचा. स्टार वाढले की फक्त भरलेली टाकी थंड होताना जे वाया जातं ते कमी होतं. म्हणून नवीन गिझर घेऊन फार वाचेल असं समजू नका, वाचतं ते वापरण्याच्या पद्धतीत.

आम्ही काय केलं तर थर्मोस्टॅट 60 च्या पुढे होता तो 50 वर आणला, कारण नाहीतरी आपण इतकं कडक पाणी करून त्यात थंड मिसळतोच. पहिल्या माणसाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी चालू करायचा, सगळ्यांनी एकामागोमाग उरकायचं आणि शेवटच्या माणसाने बंद करूनच बाहेर यायचं. आधी आईची अंघोळ पहाटे साडेपाचला, मुलाची साडेनऊला, आणि मधले चार तास गिझर चालूच, तो स्वतः बंद होतो मग थंड झाला की परत तापतो असं चाललेलं. आईची वेळ आम्ही बदलली नाही, तिची पूजा असते, तिच्यानंतर बंद करतो आणि बाकी तिघं सलग. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर खार चढतो, दोन वर्षांतून एकदा साफ करून घ्या. गच्ची मिळत असेल तर सोलर वॉटर हीटरसारखं दुसरं काही नाही. गॅस गिझरचा विचार करत असाल तर हात जोडून सांगतो, बंद बाथरूममध्ये लावू नका, तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो. बाहेर मोकळ्या हवेत लावून फक्त पाइप आत घ्या.

पंख्याचं उलट आहे, तो एकेकटा लहान वाटतो पण तास खूप असतात. साधा छताचा पंखा 75 वॅट, रोज पंधरा तास, महिन्याला 34 युनिट. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा, तेवढ्याच हवेला 30 च्या आसपास घेतो म्हणजे 13-14 युनिट. एका पंख्यामागे 20 युनिट वाचले. म्हणून जिथे सगळ्यात जास्त तास फिरतो, आमच्याकडे हॉल आणि आईची खोली, तिथले दोनच आधी बदलले. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधला बदलायची घाई नाही, तो दिवसात अर्धा तास फिरतो. आणि बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाका, त्याच्यावर चालवला तर आतलं सर्किट बिघडू शकतं, स्पीड रिमोटनेच करायचा. अजून कुणाकडे तो जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल, जो गरम होतो, तर पंखा हळू केल्याने वीज फारशी वाचत नाही, फरकाची वीज तो डबाच उष्णता करून टाकतो.

फ्रिज मोजायची सोपी युक्ती म्हणजे गावाला जाताना. निघताना रीडिंगचा फोटो, आल्यावर फोटो. घरात कुणी नसताना जे युनिट पडले ते फ्रिज, वायफाय, इन्व्हर्टर आणि सेट टॉप बॉक्सचे. आमचे दिवाळीत पाच दिवसांत 12 पडले, रोजचे जवळजवळ अडीच, हे मला फार वाटलं. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी आत जागाच असतो, दहा वॅटच्या आसपास घेत राहतो, त्याचं बटण बोर्डावरून बंद करायला लागलो. फ्रिज चौदा वर्षांचा, दाराचं रबर सैल झालेलं. दारात दहाची नोट अडकवून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर तिथून थंडावा जातोय. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, थंडीत नॉब खाली आणला, आणि आता मार्चपर्यंत नवीन घ्यायचा विचार आहे. घेताना स्टार मोजत बसू नका, लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते बघा आणि बाराने भागा.

एसीचं लेबल मात्र फसवं वाटू शकतं, त्यावरचे युनिट वर्षाला 1600 तास धरून असतात. तुम्ही फक्त एप्रिल-मे रोज आठ तास लावत असाल तर साधारण 490 तास होतात, त्या प्रमाणात कमी धरा, मग कळेल की फाइव्ह स्टारसाठीचे जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतील. स्टार लेबल देणारा सरकारी ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो की तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, 25-26 वर ठेवून पंखा हळू लावला तर झोप छान लागते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

आता ज्याच्यावर घरात भांडू नये त्या गोष्टी. मोबाईल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. मिक्सर 750 वॅटचा असला तरी दहा मिनिटांत एक अष्टमांश युनिट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब आई रात्रभर देवघरात ठेवते, महिन्याला तीन युनिट, त्यावरून तिला कुणी बोलू नये असं मी घरात स्पष्ट सांगितलं. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर मात्र ती काढून 20 वॅटची एलईडी लावा, तिचे पैसे लवकर सुटतात.

आणि प्लगमध्ये खोचायचं ते पॉवर सेव्हर यंत्र कुणी विकायला आलं तर घेऊ नका. त्यात एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती बिल केडब्ल्यूएच वर येतं, त्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

आमचं पुढच्या जानेवारीचं बिल 139 युनिटचं आलं. त्यातले अजून पंचावन्न-साठ गिझरचेच असावेत. रीडिंगची वही फ्रिजवर ठेवलीय आणि ऋतू बदलला की परत एक आठवडा रोज लिहितो, कारण थंडीचे आकडे उन्हाळ्यात चालत नाहीत, मार्चला गिझर बंद होतो आणि त्याच आठवड्यात पंखे सुरू होतात.