इन, इम, इल, इर की अन? माझा घोळ असा सुटला

इंग्रजीच्या वर्ड फॉर्मेशनच्या (दिलेल्या शब्दापासून नवा शब्द बनवायच्या) पेपरात उलट अर्थाचा शब्द आला की माझं हमखास चुकायचं, अनपॉसिबल काय, इनलीगल काय. याद्या पाठ केल्या, अ‍ॅप लावलं, चार दिवसांनी परत तेच. डोकं पार उठलं होतं.

मग नागपुरात बर्डीला (सीताबर्डीला) जाताना मेट्रोत सहज लक्षात आलं की हे तर आपल्याकडच्या संधीसारखंच आहे न बे! उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, 'अंत'मधला अनुस्वार न् आणि 'चंपा'मधला म्. लॅटिनमधून आलेला 'इन'पण पुढचं अक्षर बघून असाच बदलतो.

आता मी काय करतो, आधी शब्दाचा शेवट बघतो. शेवटी ईडी किंवा आयएनजी असलेलं विशेषण असेल तर बहुतेक वेळा अन, जसं अनफिनिश्ड, अनइंटरेस्टिंग. शेवटी आयबीएलई असेल तर बहुतेक इन-घराणं. मग पहिलं अक्षर: पी, बी, एम असेल तर इम (इम्पॉसिबल, इमॅच्युअर), एल असेल तर इल (इल्लीगल), आर असेल तर इर (इर्रेग्युलर), बाकी इन.

फक्त एक फसवणूक आहे, 'अन' जुन्या इंग्रजीतला, तो कोणासाठी बदलत नाही, म्हणून अनलकी, अनरिअल, अनपॉप्युलर, अनप्लेझंट. हे तेवढे वेगळ्या पानावर लिहून ठेवले, रोज पाच, आणि प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य, कारण नुसता शब्द माझ्या डोक्यात टिकतच नाही. एबल वाल्यांचा मात्र भरवसा नाही, अनबिलीव्हेबल पण इनक्युरेबल, ते डिक्शनरीतच बघतो.